परळच्या डावात हरलेला शनी

नवग्रहांपैकी तीन ग्रह मी एका दुपारी परळमध्ये पत्त्यांच्या डावात हरलो.

हे विधान वाचून वाचकांच्या मनात माझ्याविषयी जे मत तयार होईल, ते मला ठाऊक आहे. आमच्या सौ.चे मतही तेच आहे आणि ते अनेक वर्षे स्थिर आहे. तथापि घडलेला प्रसंग मी क्रमाने सांगितला, तर निदान माझ्या हेतूविषयी तरी कोणी शंका घेणार नाही, अशी आशा आहे. बुद्धीविषयी मी काही बोलत नाही.

आम्ही गिरगावातले. दिवसा पाठशाळेत संस्कृत शिकवावे आणि सुटीच्या दिवशी कोणाकडे पूजा, शांती, मुंज असेल तर ती यथासांग करावी, एवढाच माझा व्यवहार. सौ.चा धाकटा भाऊ मधू परळच्या एका चाळीत राहत असे. तो गिरणीत टाइमकीपर होता, म्हणजे संपापूर्वी होता. संपाला वर्ष उलटून गेले होते आणि गिरणीतला वेळ मोजायचे काम थांबल्यामुळे मधूला आता स्वतःचाच वेळ मोजत बसावे लागत होते. सुदैवाने त्याचा मुलगा श्रीकांत बँकेत चिकटला होता, आणि त्याहून सुदैवाने (असे तो म्हणे) लालबागच्या परबांच्या सुलभाशी त्याचे जमले होते.

परब हे गिरणीच्या साळखात्यातले, म्हणजे कापड विणणाऱ्या साच्यांवरचे, जुने कामगार. मूळ मालवणकडचे, आवाज मोठा, मन त्याहून मोठे, पण शनीला फार भिणारे. मुलाने आणि मुलीने सगळे आधीच ठरवून टाकल्यामुळे वडीलधाऱ्यांच्या हाती आक्षेप घेण्यासाठी केवळ पत्रिका उरली होती. परबांनी श्रीकांतची पत्रिका कोणा ज्योतिषाला दाखवली. ज्योतिषाने मान हलवली. परब तडक मधूकडे आले.

"मुलगो सोन्यासारखो आसा," ते म्हणाले, "पण तेच्या मागे शनी आसा. शनीची शांत करा. माझ्या डोळ्यांदेखत करा. मगे माझा चेडू तुमच्या घरात येतला. नायतर नाय."

म्हणजे श्रीकांतचे लग्न एका शांतीवर येऊन ठेपले होते, आणि ती शांती माझ्यावर. मधू गिरगावात आला, माझ्या पाया पडला आणि म्हणाला, "भाऊजी, तुम्हीच या. दुसऱ्या कोणाचा भरवसा नाही."

हे वाक्य सौ. आजही अधूनमधून उच्चारते.

ठरलेल्या दिवशी सकाळी आम्ही परळला गेलो. मधूची खोली एकच. तिच्या एका बाजूला नलू, म्हणजे मधूची बायको, आणि आमची सौ. नैवेद्याच्या गडबडीत, दुसऱ्या बाजूला देवकार्य, मध्ये जुन्या पातळाचा पडदा. मी पाटावर वस्त्र अंथरले, तांदळाचे नऊ पुंज मांडले, प्रत्येक पुंजावर विड्याचे पान आणि त्यावर सुपारी ठेवून एकेका ग्रहाचे आवाहन केले. मध्ये सूर्य. भोवती बाकीचे आपापल्या दिशेला. शनीची दिशा पश्चिम. त्याच्या एका बाजूला राहू आणि दुसऱ्या बाजूला केतू. मी पूर्वेकडे तोंड करून बसलो होतो आणि पाट जरा डावीकडे होता, त्यामुळे शास्त्रानुसारच हे तिघे माझ्या डाव्या गुडघ्याच्या अगदी लगत आले. शनीवर मी काळे तीळ जरा सढळ हाताने वाहिले, कारण परब एकटक पाहत होते.

येथपर्यंत सर्व निर्विघ्न झाले. मग हवनाची तयारी करताना लक्षात आले, की आठ ग्रहांच्या समिधा आहेत आणि शनीची शमी तेवढी नाही.

"मधू, शमी?"

"आणली होती ना, भाऊजी. हिरवी होती ती ना?"

"हिरव्या सगळ्याच असतात."

"मग ती नलूने तुळशीच्या कुंडीत खोचली असेल. आता पाहिलं तर शेळीने..." (चाळीच्या तळमजल्यावर कोणी शेळी पाळली होती. ती जिना चढत असे.)

श्रीकांतला तातडीने दादरच्या फूलबाजारात पिटाळले. तो अनपेक्षित उत्साहाने गेला. आता तो परत येईपर्यंत कार्य थांबले. आवाहन झालेले असल्यामुळे मला आसन सोडून उठता येईना. मधू यजमान, त्यालाही हलता येईना. परब साक्षीदार, ते हलायला तयार नव्हते. असे आम्ही तिघे पुरुष आणि नऊ ग्रह एकमेकांकडे पाहत बसलो.

बऱ्याच वेळाने परबांनी कनवटीची पानाची चंची काढून पुढ्यात ठेवली आणि मग सदऱ्याच्या खिशातून पत्त्यांचा जोड काढला.

"शास्त्रीबुवा, काड्यो येवपर्यंत बसान काय करूचा? एक तीन पत्तीचो डाव टाकूया."

"परब," मधू घाबरून म्हणाला, "भाऊजी पत्त्यांना हात लावत नाहीत."

"मी द्यूत खेळत नाही," मी शांतपणे म्हणालो.

"पैशे नाय तर द्यूत खयचा? संपात पैशे आसत कोणाकडे?"

या युक्तिवादात मला दोष सापडेना. मी शोधला, पण परब पत्ते पिसू लागले होते आणि त्या आवाजात मन एकाग्र होत नव्हते. "मात्र कायतरी लावल्याशिवाय मजा नाय," ते म्हणाले आणि त्यांची दृष्टी पूजेच्या ताटाकडे गेली. यादीत लिहिल्यापेक्षा मधूने सुपाऱ्या कितीतरी जास्त आणल्या होत्या. (शमी एक काडीही नाही, सुपाऱ्या ताटभर. हा मधूचा स्वभाव.) त्या उरलेल्या सुपाऱ्या परबांनी तिघांत वाटल्या. न वापरलेल्या सुपारीत देवत्व नसते, याबद्दल मी स्वतःची खात्री करून घेतली आणि माझ्या वाट्याचा ढीग उजव्या गुडघ्याशी ओढला.

डाव्या गुडघ्याशी ग्रह, उजव्या गुडघ्याशी डाव. अशी ती रचना होती.

तीन पत्ती कशी खेळतात, हे ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी मी ते परबांकडून जसे ग्रहण केले तसे सांगतो. आरंभी प्रत्येकाने मध्ये एकेक सुपारी ठेवायची. तिला 'बूट' म्हणतात. (देवासमोर बूट ठेवणे मला जड गेले, पण नाव बदलता येत नाही असे परब म्हणाले.) मग प्रत्येकाला तीन पाने पालथी मिळतात. ती न उचलता खेळणे म्हणजे 'ब्लाइंड', उचलून पाहून खेळणे म्हणजे 'बघून'. आपली पाळी आली की आणखी सुपारी लावायची, ती 'चाल'. जमणार नसेल तर पाने टाकून बाजूला व्हायचे, ते 'पॅक'. आणि दोघेच उरले म्हणजे त्यांतल्या एकाने 'शो' मागायचा, पाने उघडायची, ज्याची मोठी त्याचा सगळा ढीग.

"न बघता चाल केलात तर एक सुपारी," परब म्हणाले, "बघून केलात तर दोन."

"म्हणजे ज्याला ज्ञान झाले त्याला दुप्पट दंड?"

"तसाच."

ज्ञानावर कर बसवणारे शास्त्र मी प्रथमच पाहत होतो. संस्कृतच्या शिक्षकाला त्यात नवीन काही नसावे, तरी मी दचकलो.

पुढे पानांची श्रेणी. सुटी पाने सर्वांत हलकी; त्यांवर जोडी; तिच्यावर एकाच रंगाची तीन; तिच्यावर ओळीने लागलेली तीन; ओळही आणि रंगही असेल तर त्याहून वर; आणि सर्वांच्या माथ्यावर तिन्ही सारखी. ही श्रेणी मी तेथल्या तेथे अनुष्टुभात बांधली, म्हणजे विसरायला नको. परबांनी ती दोनदा म्हणून घेतली आणि मान डोलावली. अर्थ कळला नाही, पण ताल बरोबर आहे म्हणाले.

पहिल्या डावात मी पाने उचलली आणि शिष्टाचार म्हणून दोघांकडे वळवून धरली.

"अहो भाऊजी, लपवा," मधू कळवळला.

"का? त्यात लपवण्यासारखे काय आहे? एक अठ्ठी, एक चौकी आणि एक किलवरची पंजी."

"म्हणानच लपवूची," परब म्हणाले. "हलकी पानां धरून भारी तोंड करूचा. ह्योच खेळ."

हलकी पाने धरून भारी तोंड करणे मला साधेना. तेव्हा मी निराळा मार्ग धरला. मी पाने उचलतच नसे. फलाची अपेक्षा न धरता चाल करीत राहिलो, आणि आश्चर्य असे की त्या निष्काम वृत्तीला यश येऊ लागले. परब गोंधळले. मधू तर प्रत्येक वेळी पॅक. माझ्यासमोरचा ढीग वाढला. आतून सौ.ने विचारले, "झालं का हो काही?" मी म्हणालो, "चालू आहे." आवाजात प्रसन्नता होती. ती तिने भक्तीची मानली.

तेथेच थांबायला हवे होते. परंतु पुढच्या डावात मला मोह झाला आणि मी पाने उचलून पाहिली.

राजा, राणी, गुलाम.

ओळीने लागलेले, वेगवेगळ्या रंगांचे, पण सर्व मुकुटधारी. एका संपूर्ण राजसभेने माझ्या हातात आसन मांडले होते. माझ्या मुद्रेवर काय उमटले असेल ते असो. मधूने तत्काळ पाने टाकली. परबांनी आपल्या पानांना हातही लावला नाही.

"ब्लाइंड," ते म्हणाले आणि एक सुपारी सरकवली.

मी दोन लावल्या. त्यांनी पुन्हा एक. मी पुन्हा दोन. ज्ञानाचा दंड भरता भरता माझा ढीग वितळू लागला. शो मागावा असे मनात येई, पण वाटे, आणखी एक चाल, बिचाऱ्याला पाने ठाऊकच नाहीत. त्यांनी चाल दुप्पट केली. मी तिचीही दुप्पट भरली. माझी दृष्टी परबांच्या त्या पालथ्या पानांवरून हलत नव्हती. उजवा हात राजसभा सांभाळीत होता. सुपाऱ्या संपल्या तेव्हा डावा हात, गेली कित्येक वर्षे पूजेत जसा न पाहता साहित्य उचलत आला आहे तसा, आपण होऊन बाजूला गेला आणि सुपारी घेऊन आला. मग दुसरी. मग तिसरी.

"शो," मी म्हणालो.

मी राजसभा उघडली. परबांनी एकेक पान सावकाश उलटले. इस्पिकची दुर्री. बदामाची दुर्री. चौकटची दुर्री.

"हे काय?" मी म्हणालो. "या तर दुर्र्या."

"तिन्ही सारख्यो," परब ढीग ओढत म्हणाले. "राजा-राणीक भारी. एकजूट, शास्त्रीबुवा, एकजूट. आमी संपात दुसरा काय सांगतंव?"

माझ्या श्लोकात हे स्पष्ट होते, पण श्लोक रचताना मला तीन राजे, तीन एक्के अशीच प्रतिष्ठित मंडळी अभिप्रेत होती. दुर्र्यांचा मी विचारच केला नव्हता. मी पराभवाच्या चिंतनात मग्न असताना परबांनी चंचीतून अडकित्ता काढला, जिंकलेल्या ढिगाच्या माथ्यावरची एक सुपारी उचलली आणि बाहीला पुसली.

"हिका कुंकू कसला लागला?"

"पूजेतली आहे," मी विमनस्कपणे म्हणालो, "लागायचेच."

कट्, कट्. परबांनी ती तोंडात टाकली.

तेवढ्यात श्रीकांत आला. शमी आणायला त्याला जितका वेळ लागला, तितक्यात तो दादरला दोनदा जाऊन आला असता. त्याच्या पँटला शिवाजी पार्कची माती होती आणि खिशातून चण्याची रिकामी पुडी डोकावत होती. पुडी एकाने खाल्ल्यासारखी दिसत नव्हती. पण हातात शमी होती. मी पत्ते दूर सारले, आचमन केले, आणि नैवेद्याचे ताट घेऊन आमची सौ. बाहेर आली. ती मंडलाकडे पाहत उभी राहिली.

"अहो," ती म्हणाली, "शनी कुठे गेले?"

मी पाहिले. पश्चिमेचे तीन पुंज ओकेबोके होते.

खोटे बोलण्याचा सराव नसल्यामुळे माझ्या तोंडून एकच शब्द बाहेर पडला. "हरलो."

"काय हरलात?"

"शनी. बहुधा राहू आणि केतूही."

ताट तिने खाली ठेवले. फार सावकाश ठेवले. त्या सावकाशपणाचा अर्थ मला विवाहाच्या पहिल्या वर्षापासून ठाऊक आहे. मधू परबांच्या ढिगावर तुटून पडला. कुंकू लागलेल्या दोन सुपाऱ्या मिळाल्या. तिसरी नाही.

सर्वांनी परबांकडे पाहिले. परबांचे चावणे थांबले.

"परब," मधू म्हणाला, "तुम्ही जी खाल्लीत, तिला काही लागलं होतं का?"

"काळे तीळ होते," परब म्हणाले. "माका वाटला मसाल्याची सुपारी."

"थुंका," मी म्हणालो.

"गिळलंय."

खोलीत एक विलक्षण शांतता पसरली. तिचे नाव मात्र शांती नव्हे.

मग परब उठले. त्यांचा आवाज सबंध चाळीने ऐकला. "जेच्या भीतीन मी ही शांत करूक सांगलंय, तोच तुमी माझ्या पोटात घातलात? तुमचो शनी, आणि माझा पॉट? ह्या घरात माझा चेडू देऊचा नाय." ते चपला शोधू लागले. श्रीकांतच्या हातातली शमी गळून पडली. दारात शेळी येऊन उभी होती.

मी समजावू लागलो. आवाहित देवतेचे स्थान चळले असता पुनःस्थापना करता येते, त्याला आधार आहेत, ते मी सांगू लागलो. पहिल्या आधाराच्या मध्यावर असताना परबांची एक चप्पल सापडली.

तेव्हा नलू पुढे आली. हातात झारा होता. आयुष्यात ती माझ्यासमोर मोठ्याने बोलली नव्हती.

"जाऊ द्या त्यांना," ती म्हणाली. "बरंच झालं. इतके दिवस शनी आमच्या श्रीकांतच्या मागे होता. आता तो परबांच्या पोटात आहे, म्हणजे मुलीकडे गेला. आता आम्हालाच विचार करायला हवा, त्या घरातली मुलगी करून घ्यायची की नाही."

परब एका चपलेवर उभे राहिले. त्यांनी नलूकडे निरखून पाहिले. अगदी तसेच पाहिले, जसे मघाशी माझ्याकडे पाहत होते.

"वयनी," ते हळूच म्हणाले, "बघून बोलतास, की न बघता?"

"शो मागा," नलू म्हणाली.

परब विचारात पडले. पोटावरून त्यांचा हात एकदा फिरला. मग त्यांनी पायातली चप्पल काढली, भिंतीशी नीट ठेवली आणि खाली बसले.

"पॅक," ते म्हणाले. "मुलगी तुमची. पण ह्यो भायर काढा."

त्यानंतर जे झाले त्याला कोणत्याही ग्रंथात आधार नाही. तो मी शोधून पाहिला आहे. नव्या सुपाऱ्या घेऊन मी तिन्ही ग्रहांची पुनःस्थापना केली, शमीचे हवन केले, सर्व यथाविधी झाले. शेवटी विसर्जन. आठ ग्रह पाटावरून गेले. शनीचे विसर्जन मात्र दोन ठिकाणी करावे लागले. परबांना पश्चिमेकडे तोंड करून बसवले, त्यांनी सदरा वर केला, आणि मी विसर्जनाचा मंत्र म्हणत त्यांच्या पोटावर अक्षता टाकल्या. त्याच क्षणी ते पोट असे काही गुडगुडले की शेळी जिना उतरून पळाली.

"गेलो," परब डोळे मिटून म्हणाले. मधूने उदबत्ती ओवाळली.

निघताना मी नलूला बाजूला घेऊन विचारले, "ग्रह असा भक्षणाने एका कुळातून दुसऱ्या कुळात जातो, हे कोठे वाचलेस?"

"कुठे नाही, भाऊजी," ती म्हणाली. "श्रीकांतची पत्रिकासुद्धा मी कधी उघडून पाहिलेली नाही."

श्रीकांत-सुलभेचा संसार उत्तम चालला आहे. संपाचे पुढे काय झाले ते सर्वांना ठाऊकच आहे. साचे पुन्हा सुरू झाले नाहीत आणि परबांनी लालबागच्या नाक्यावर पानाची गादी टाकली. मी तिकडून गेलो की ते आवर्जून हाक मारतात, विडा लावून देतात आणि सुपारी घालण्यापूर्वी विचारतात, "बघून घेतास, शास्त्रीबुवा, की न बघता?"

मी बघून घेतो. दुप्पट पडले तरी चालेल.

आमची सौ. आता कोणत्याही कार्याला माझ्याबरोबर येते आणि माझ्या डाव्या हाताला बसते. मला त्याचा राग नाही. एकच गोष्ट मनाला लागून राहिली आहे. इतकी वर्षे मी अक्षर न चुकवता, आसन न सोडता, अगणित घरी शांती केल्या. पण ज्या शांतीचे फळ यजमानाला त्याच संध्याकाळी मिळाले, अशी एकच, आणि तीही मी तीन दुर्र्यांपुढे हरलो होतो.